दोन चाकांचा हिशेब – भाग ६ : आधी अंगाचं माप

बहिणीच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराशेजारी भिंतीवर पेन्सिलीची एक बारीक रेघ आहे, जमिनीपासून बरोबर ८२ सेंटिमीटरवर. दिवाळीनंतरच्या एका रविवारी भाचा तिथे अनवाणी, भिंतीला पाठ टेकून उभा राहिला. दोन्ही पायांच्या मध्ये जाड पुठ्ठ्याचा शब्दकोश आडवा धरला आणि सायकलच्या सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढा वर रेटला. बहिणीने शब्दकोशाच्या वरच्या कडेशी रेघ ओढली. तीनदा मोजलं. दोनदा ८२ आलं, एकदा ८१.५. मग मी म्हटलं, "चल, आता दुकानात जाऊ."

तीन वर्षं पगारातून बाजूला टाकत त्याने साडेतीन लाख रुपये जमवले होते. पुण्यात नोकरी, पहाटे उठून जुन्या सायकलवर कात्रजपर्यंत जाऊन यायचं आणि मग कामावर, असा त्याचा नेम. येत्या वर्षी २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे वेळेची मर्यादा असलेली लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांच्या मुदतीत पुरी करायची आणि ती जमली तर ३०० ची, वीस तासांत, हे त्याने मनाशी पक्कं केलं आहे. आदल्या आठवड्यात तो एकटाच दुकानात जाऊन आला होता आणि तिथूनच फोन केला होता, "मामा, चोपन्न नंबर बसेल ना मला? यावर चांगली सूट आहे." मी त्याला थांबायला सांगितलं. तो थांबला, याचं मला आजही समाधान वाटतं.

फ्रेम कशाची असावी ते आपण मागच्या दोन भागांत पाहिलं. या भागात मापाबद्दल सविस्तर लिहितो आहे, कारण महागड्या रोड बाइकच्या खरेदीत सर्वांत जास्त पैसा इथेच वाया जातो. माणूस वजन विचारतो, गिअर विचारतो, रंग निवडतो, आणि माप "हाइट किती?" एवढ्या एका प्रश्नावर उरकलं जातं.

पूर्वी 'चोपन्न' या आकड्याला अर्थ होता. फ्रेमची वरची नळी जमिनीला समांतर असायची आणि सीटखालच्या नळीची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजली की सायकलचा आकार कळायचा. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात तैवानच्या जायंट कंपनीने माइक बरोज या इंग्रज रचनाकाराच्या मदतीने टीसीआर ही सायकल आणली. तिची वरची नळी मागे उतरती होती. फ्रेम लहान, हलकी आणि ताठ झाली, आणि इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. सीटखालची नळी आखूड झाल्यावर जुन्या आकड्याचा आधारच गेला. आज ५४ हे फक्त नाव उरलं आहे, शर्टाच्या कॉलरवरच्या 'एम' किंवा 'एल'सारखं.

म्हणून आता दोन आकडे पाहायचे, स्टॅक आणि रीच. पायडल ज्या धुरीभोवती फिरतात तिच्या मध्यापासून हँडलखालच्या पुढच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंत सरळ उभं अंतर मोजलं की तो स्टॅक, म्हणजे सायकलची पुढची उंची. त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर म्हणजे रीच, म्हणजे तुमच्या हातांना किती पुढे जावं लागणार ते. प्रत्येक कंपनी आपल्या प्रत्येक मॉडेलसाठी हे आकडे तक्त्यात देते. दुकानात तो तक्ता सहसा कोणी पुढे करत नाही, तो आपण मागायचा.

एक उदाहरण घेऊ. स्पेशलाइज्डची टारमॅक एसएल८ ही शर्यतीची सायकल. तिचा ५४ मापाचा स्टॅक ५४४ मिलिमीटर, रीच ३८४. ट्रेकची डोमाने ही लांब पल्ल्यासाठी केलेली. तिचा ५४ मापाचा स्टॅक ५७५, रीच ३७४. दोन्हींवर ५४ च लिहिलेलं, पण दुसरीचं पुढचं टोक ३१ मिलिमीटर उंच आणि १० मिलिमीटर जवळ. कागदावर हा फरक दोन बोटांचाही नाही. सातव्या तासाला मानेला आणि तळहाताला तो नेमका कळतो.

मला तो कळला आहे. बारा वर्षांपूर्वी मी पहिली कार्बनची सायकल घेतली तेव्हा माझ्या मापाची उपलब्ध नव्हती. ५६ होती, सूट होती, आणि "स्टेम छोटा लावून देतो, काही फरक पडत नाही" असं मला सांगण्यात आलं. तीन महिन्यांत दोन्ही हातांच्या करंगळ्या आणि अनामिका बधिर पडू लागल्या. तळहाताच्या कडेने जाणारी नस हँडलवर सतत दाबली जात होती. रात्री झोपेतही मुंग्या यायच्या, सकाळी शर्टाची बटणं लावायला वेळ लागायचा. स्टेम, म्हणजे हँडलला पुढच्या नळीशी जोडणारा तुकडा, शंभर मिलिमीटरचा काढून ऐंशीचा लावला. हात जवळ आले, पण उतारावर हँडल अंगावर धावून आल्यासारखं वळू लागलं. वर्षभर सहन केलं आणि निम्म्याहून कमी किमतीत ती विकली. तेव्हापासून कोणी सायकल घ्यायला निघालं की मी आधी टेप काढतो.

आता तर स्टेम बदलण्याची वाटही अवघड झाली आहे. आधी चार-सहा स्क्रू सोडवले की दहा मिनिटांत स्टेम बदलायचा. आजच्या बऱ्याच महाग सायकलींत ब्रेकच्या तेलाच्या नळ्या हँडलच्या आतून, स्टेममधून, हेडसेटच्या बेअरिंगमधून फ्रेममध्ये जातात. बाहेर एकही वायर दिसत नाही, सायकल देखणी दिसते, वाराही थोडा कमी अडतो. पण हँडल आणि स्टेम एकसंध असेल तर एक सेंटिमीटर लांबी कमी करायला नळ्या तोडायच्या, पुन्हा जोडायच्या, तेल भरायचं, हवा काढायची. अर्धा दिवस जातो आणि नव्या कार्बन हँडलचे हजारो रुपये वेगळे. पावसात आणि घामात हेडसेटचं बेअरिंग गंजलं तरी तीच उस्तवार. काही कंपन्या नळ्या स्टेमच्या खालून नेतात, तिथे काम सोपं जातं. बिल करण्याआधी मेकॅनिकला एवढंच विचारायचं, "नळ्या न तोडता स्टेम बदलता येईल का?" उत्तर नाही असं आलं, तर ती सायकल अंगाला बसल्याची पक्की खात्री झाल्याशिवाय घेऊ नये.

तर ८२ चा उपयोग काय? पायाच्या आतल्या मापाला ०.८८३ ने गुणायचं. ग्रेग लेमाँड या अमेरिकन सायकलपटूच्या नावाने हे सूत्र सायकलवाल्यांत ओळखलं जातं. ८२ ला गुणलं की ७२.४ येतात. धुरीच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची ही उंची झाली. शूज आणि पायडल कोणते त्यावर पाच-सात मिलिमीटर इकडेतिकडे होतं, पण सुरुवात करायला हे पुरेसं आहे. भाच्याची उंची १७२. पाय उंचीच्या मानाने किंचित लांब, म्हणजे धड तितकंच आखूड. अशा माणसाची सीट वर जाते, हँडल खाली राहतं आणि पुढे पोचायला पाठ ताणावी लागते. त्याला स्टॅक जास्त आणि रीच कमी हवा, हे दुकानात शिरण्याआधीच ठरलं होतं.

तरीही मी त्याला दोन्ही प्रकारच्या सायकलींवर बसू दिलं. आकडे सांगितले म्हणून पटत नाहीत, अंगाला कळावे लागतात. दुकानदाराने मागचं चाक ट्रेनरला लावून दिलं, सीट ७२.४ ला बांधली. शर्यतीच्या सायकलवर भाचा खूश होता. पाठ सपाट, कोपर वाकलेले, आरशात तो स्वतःला पाहत होता. मी काही बोललो नाही, फक्त त्याच्या हातांकडे लक्ष ठेवलं. तेराव्या मिनिटाला त्याने उजवा हात उचलून बोटं झटकली. अठराव्या मिनिटाला डावा. विसाव्या मिनिटाला दोन्ही हात हँडलच्या वरच्या आडव्या भागावर आले आणि तिथेच राहिले. दुसऱ्या सायकलवर अर्ध्या तासात हात हुडांवरून, म्हणजे ब्रेकच्या मुठींवरून, हलले नाहीत, तो आमच्याशी गप्पा मारत पायडल मारत होता. उतरल्यावर मी विचारलं नाही. तोच म्हणाला, "मामा, ही."

शर्यतीची सायकल वेगवान असते ना, असं कोणी म्हणेल. असते. पण सपाटीवर तीसच्या वेगाने जाताना बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि त्या हवेला मुख्यतः अडवतं ते आपलं शरीर, सायकल नव्हे. जी बैठक वीस मिनिटांत मोडते तिचा फायदाही वीस मिनिटांचाच.

मापानंतर माझ्या दृष्टीने घाटासाठीचे गिअर येतात. आपल्याकडे पुण्यातून कुठल्याही दिशेला निघालं की घाट लागतो. पुढे ५२-३६ चे दात आणि मागे ११-३० ची कॅसेट असेल तर सर्वांत हलका गिअर ३६ ला ३०. मिनिटाला साठ फेरे मारले तर वेग येतो ताशी नऊ किलोमीटर. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरले तर आठ टक्क्यांच्या चढावर हा वेग टिकवायला सुमारे १८५ वॉट लागतात. पुढे ५०-३४ आणि मागे ११-३४ असेल तर ३४ ला ३४, तेवढ्याच फेऱ्यांत ताशी साडेसात किलोमीटर, आणि काम सुमारे १५५ वॉटमध्ये भागतं. तीस वॉट म्हणजे सराव केलेला माणूस आणि दमून उतरून सायकल ढकलणारा माणूस यांच्यातला फरक. सिंहगडाच्या रस्त्यावर आठ टक्क्यांहून खडे टप्पे आहेत. महाग मॉडेलांवर बऱ्याचदा मोठे दात येतात, कारण ती शर्यतीतल्यांसाठी जुळवलेली असतात. कॅसेट आणि क्रँक खरेदीच्या वेळीच बदलून मागावे. नंतर बदलायचे तर सगळा खर्च आपला.

वजनाचंही इथेच सांगून टाकतो. यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेने २००० साली शर्यतीच्या सायकलीला किमान ६.८ किलोची मर्यादा घातली, आणि तेव्हापासून तो आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसला आहे. आठ किलोची सायकल सात किलोवर आणायला लाखभर रुपये सहज जातात. पन्नास मिनिटांच्या चढावर ८५ किलोतला एक किलो कमी झाला तर साधारण ३५ सेकंद वाचतात. ज्याला शर्यत जिंकायची आहे त्याने ते ३५ सेकंद जरूर विकत घ्यावेत. बाकीच्यांनी तो लाख रुपया घरी ठेवावा.

टायर २८ मिलिमीटरच्या आतला घेऊ नये, ३२ बसत असेल तर उत्तम. काँक्रीटच्या रस्त्यांवरचे सांधे ज्यांनी रात्री अंधारात अनुभवले आहेत त्यांना कारण सांगायला नको. डिस्क ब्रेकच घ्यावा. पावसाळ्यात घाट उतरताना कार्बनच्या रिमवर ब्रेक दाबत राहिलं की रिम तापते, आणि ओली रिम लगेच धरतही नाही.

गिअर बदलण्याच्या यंत्रणेबद्दल लोक तासन् तास वाद घालतात, मी थोडक्यात लिहितो. शिमानोची विजेवर चालणारी डी-आय-टू २००९ साली ड्युरा-एस या वरच्या श्रेणीत आली आणि २०२२ मध्ये १०५ या श्रेणीपर्यंत उतरली. १०५ आणि तिच्या वरच्या अल्टेग्रात वजन आणि किंमत बदलते, गिअर पडण्याच्या गुणात रोजच्या माणसाला फारसा फरक जाणवणार नाही. एक बारीक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. डी-आय-टूच्या नव्या लिव्हरमध्ये सीआर१६३२ ही नाण्यासारखी बॅटरी बसते, स्रॅमच्या लिव्हरमध्ये सीआर२०३२. दुसरी गावोगावच्या घड्याळवाल्याकडे मिळते, पहिली शोधावी लागते. लांबच्या वाटेवर दोन जास्तीच्या पिशवीत असू द्याव्यात.

साडेतीन लाखांतले चाळीस हजार आम्ही आधीच बाजूला काढले होते, आणि ते लागलेच. महागड्या रोड बाइकसोबत बहुतेक वेळा पायडल येत नाहीत, हे अनेकांना काउंटरवर समजतं. पायडल, शूज, हेल्मेट, बाटलीचे स्टँड, पंप, आणि ब्रेव्हेच्या नियमात बसणारे पुढचे-मागचे दिवे आणि चमकणारं जाकीट. भाच्याने सायकलचं बिल घेतलं, फ्रेमचा क्रमांक कंपनीकडे नोंदवला, कारण फ्रेमची पूर्ण हमी बहुतेक वेळा पहिल्या मालकालाच असते आणि कागद नसेल तर ती मागता येत नाही.

शेवटी मेकॅनिकने हँडल बांधायला घेतलं. टॉर्क पाना पाच न्यूटन-मीटरवर लावला, एक-एक स्क्रू थोडा थोडा आळीपाळीने आवळला, आणि प्रत्येकाचा 'कट्' असा आवाज येईपर्यंत आम्ही दोघं श्वास रोखून उभे होतो. कार्बनवर जास्त जोर लावला तर तडा आत जातो, वरून दिसत नाही. मग त्याने करवत उचलली. पुढच्या चिमट्याची नळी स्टेमच्या वर दोन सेंटिमीटर उरली होती, ती कापली की सायकल नीटस दिसते. भाच्याने त्याचा हात धरला. "दादा, ती राहू द्या. महिनाभर चालवतो, मग ठरवू." कापलेली नळी पुन्हा जोडता येत नाही, हे त्याला वाटेत मी एकदाच सांगितलं होतं.

स्टेमच्या वर उरलेल्या त्या नळीभोवतीच्या दोन सेंटिमीटरच्या काळ्या रिंगा अजून तशाच आहेत. महिना भरायला अकरा दिवस बाकी आहेत. मागच्या रविवारी तो बोपदेव घाट चढून सासवडला जाऊन आला आणि घरी आल्यावर त्याने पहिल्यांदा आईला दोन्ही हातांची बोटं मिटून-उघडून दाखवली.

पुढच्या भागात चाकं : कार्बनची खोल रिम, तारांचा ताण, आणि बिनट्यूबच्या टायरला किती हवा.