पाच प्रोग्रामर, कीबोर्ड एकच! काय आहे मॉब प्रोग्रामिंग?
पाच जणांचा पगार आणि काम एकाच कॉम्प्युटरवर? ऐकायला तोट्याचा सौदा वाटतो. पण कॅलिफोर्नियात बागेचे स्प्रिंकलर बनवणाऱ्या हंटर इंडस्ट्रीजमध्ये वुडी झुइल यांच्या टीमने २०११ च्या सुमारास हेच करून पाहिलं.

यात एक जण कीबोर्डवर बसतो, पण स्वतःच्या मनाने कोड लिहीत नाही. बाकीचे मोठ्या स्क्रीनकडे बघत चर्चा करतात आणि काय लिहायचं ते सांगतात. ठरावीक मिनिटांनी कीबोर्डवरचा माणूस बदलतो.

फायदा काय? चूक जागच्या जागी सापडते. कोणी रजेवर गेलं किंवा नोकरी सोडली, तरी काम अडत नाही. कारण कोड सगळ्यांनाच माहीत असतो. मात्र साध्यासोप्या कामाला पाच डोकी लावणं महागातच पडेल!