गोळ्या मोजक्याच, पण रोज

मंडळी, इंग्लंडात ऑक्टोबरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत ऊन दिसलं तरी त्यात ड जीवनसत्त्व तयार होण्यापुरते अतिनील किरण नसतात. म्हणून इथल्या आरोग्य खात्याचा सल्ला असा, की हिवाळ्यात सर्वांनी रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट ड घ्यावं; आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्यांनी वर्षभर. जेवणाबरोबर घ्या, ते स्निग्ध पदार्थात विरघळतं. आमची बाटली तुपाच्या बरणीशेजारीच असते, त्यामुळे विसरायला होत नाही!

दुसरं बी-१२. वरण-भात, पोळी-भाजीत ते नसतं; दूध-दह्यात, अंड्यात असतं. माझ्या सासूबाईंच्या पायाला मुंग्या यायच्या आणि आम्ही मात्र ‘वय झालं’ म्हणत राहिलो. त्या शाकाहारी, दूध बेताचं, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू. त्यानेही बी-१२ कमी होऊ शकतं, हे फार उशिरा कळलं. अशा वेळी मनाने गोळी सुरू करू नका, आधी रक्त तपासून घ्या.

आणि हो, भारतातून आणलेली ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी घरात असेल, तर ती रोजची नव्हे. डॉक्टर ती सहसा आठवड्यातून एकदा, तीही ठरावीक आठवडेच देतात.