गव्हाणीत काय उरलं?

माडग्याळी मेंढ्याचं नाक बापाकडून येतं. बाकदार फुगीर नाक, लोंबते कान, लांब मान, पांढऱ्या अंगावर तपकिरी पट्टे आणि बिनशिंगी डोकं, एवढं रक्तातच असावं लागतं. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातल्या माडग्याळ गावावरून या मेंढीला नाव मिळालं आणि नाकामुळे तिला भाव मिळाला. २०२० मध्ये आटपाडी भागातल्या एका मेंढ्याला सत्तर लाखांची मागणी आली आणि मालकाने दीड कोटी सांगितले, ही बातमी देशभर छापून आली होती. पण प्रदर्शनात नाक बघून झालं की पंच पाठीवर हात ठेवतो, आणि त्या हाताला जे लागतं ते बापानं दिलेलं नसतं. ते कुणीतरी रोज पहाटे उठून, मोजून गव्हाणीत टाकलेलं असतं. त्यातही किती टाकलं यापेक्षा हात कुठे आखडला, यावर ती पाठ ठरते.

जतच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका धनगर घरी माझं अधूनमधून जाणं असतं. दावणीला दोन तऱ्हेची जनावरं आहेत. माडग्याळी नर यात्रेतल्या प्रदर्शनासाठी आणि पैदाशीसाठी, तर काळे उस्मानाबादी बोकड बकरी ईदसाठी. मेंढ्यांच्या खांडाबरोबर रानात जातात ते पुरुष. दावणीच्या जनावरांचं खाणंपिणं घरातल्या आक्का बघतात. त्यांच्या हाताखाली उभं राहून मी जे शिकलो, ते पशुवैद्यकाच्या पुस्तकात आहेच. पण पुस्तकातली टक्केवारी सकाळी सहा वाजता मुठीत कशी उतरते, ते तिथेच कळलं.

दिवस सुक्या वैरणीने सुरू होतो. आधी तुरीचं किंवा हरभऱ्याचं भुसकट. तासाभराने खुराकाचा पहिला अर्धा भाग. मग शेवरी, मेथी घास किंवा सुबाभळीचा पाला. सुबाभळीत मायमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, म्हणून तो पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शावर जाऊ द्यायचा नाही. दुपारी कडबा कुट्टी, संध्याकाळी खुराकाचा दुसरा भाग, आणि रात्रीसाठी पुन्हा भुसकट. हा क्रम सहज पडलेला नाही. शेळी-मेंढीच्या पोटाचे चार कप्पे. पहिला आणि सर्वांत मोठा म्हणजे कोटीपोट. तिथे कोट्यवधी सूक्ष्मजीव वैरण आंबवतात आणि त्यातून निघालेल्या आम्लांवर जनावर जगतं. आपण खरं तर त्या सूक्ष्मजीवांना खायला घालत असतो. सुका चारा आधी गेला की जनावर रवंथ करतं, रवंथीत लाळ सुटते आणि लाळेतला क्षार कोटीपोटातलं आम्ल आटोक्यात ठेवतो. उपाशीपोटी थेट भरडा पडला तर हे सगळं उलटं होतं.

खुराक घरीच तयार होतो. शंभर किलोत मक्याचा भरडा चाळीस किलो, शेंगपेंड पंचवीस, तुरीची चुनी पंधरा, गव्हाचा भुसा सतरा, खनिज मिश्रण दोन आणि मीठ एक. यातून साधारण अठरा टक्के प्रथिनं मिळतात आणि वाढत्या वयाला ती पुरेशी असतात. पेंडीचा तुकडा मोडून आक्का नाकाशी नेतात. कुबट वास आला की अख्खं पोतं बाजूला पडतं, कारण ओल लागलेल्या शेंगपेंडीवर धरणारी बुरशी यकृत खराब करते. खनिज मिश्रण मेंढ्यांचं वेगळं आणि शेळ्यांचं वेगळं. गाई-म्हशींचं मिश्रण मेंढीला घालायचं नाही. त्यातलं तांबं मेंढीच्या यकृतात साठत जातं आणि एक दिवस तिला मारतं. शेळीला तेवढंच तांबं सोसतं. एकाच दावणीला उभ्या असलेल्या दोन जनावरांत हा एवढा फरक असतो.

तीस किलोच्या जनावराला दिवसाला वजनाच्या चार टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बाराशे ग्रॅम कोरडा पदार्थ लागतो. त्यासाठी इथे साडेतीनशे ग्रॅम खुराक, दोन किलो हिरवा पाला आणि अर्धा किलो सुकी वैरण ठेवली जाते. कुणालाही वाटेल की वजन वाढवायचं तर साडेतीनशेचे सातशे करावेत. आक्कांचा धाकटा मुलगा तेच म्हणत होता.

"आक्का, मेंढा रिकामी गव्हाण चाटतोय. टाकू का अजून दोन मुठी?"

"नको. चाटू दे. थोडी भूक ऱ्हायलीच पायजे. उद्या सकाळी बघू काय म्हनतोय."

उद्या सकाळी बघायच्या गोष्टी तीन. पहिली म्हणजे गव्हाण. खुराकाचा कणही उरलेला नको, पण भुसकटाच्या जाड काड्या थोड्या उरलेल्या हव्यात. खुराक उरला तर तो कालच जास्त झाला होता. भुसकट सगळं साफ असेल तर सुकी वैरण कमी पडतेय. दुसरी, लेंडी. सुटी, कोरडी, चकचकीत लेंडी म्हणजे पोट जागेवर आहे. लेंड्यांचा एकमेकींना चिकटून गोळा व्हायला लागला की खुराक पोटाला झेपत नाही. तिसरी, रवंथ. ऊन वर चढायच्या आत निम्म्याहून जास्त जनावरं बसून रवंथ करताना दिसायला हवीत. या तिन्ही गोष्टी नीट असतील तरच खुराक वाढवायचा, आणि तोही मुठीने. चारा बदलायचा असेल तर दहा-पंधरा दिवस नव्या-जुन्याची सरमिसळ करत. कोटीपोटातल्या सूक्ष्मजीवांना नव्या खाण्याला रुळायला तेवढा वेळ लागतो. माणसाच्या घाईने तो कमी होत नाही.

वाढीचा पाया मात्र याच्या किती तरी आधी पडलेला असतो. करडू किंवा कोकरू जन्मल्यावर पहिल्या दोन-चार तासांत त्याच्या पोटात चीक गेला पाहिजे. आईच्या चिकातून मिळणारी रोगप्रतिकारशक्ती पिल्लाच्या आतड्यातून शोषली जायची मुदत एका दिवसातच संपते. तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लं पाला कुरतडायला लागतात. त्यांच्यासाठी इथे वाडग्याचा एक कोपरा बांबूच्या फळीने असा अडवलाय की पिल्लू आत शिरतं आणि आई बाहेर राहते. आत थोडा भरडा आणि कोवळा पाला. दुधावरून तोडायच्या वेळी, साधारण तीन महिन्यांनी, ज्या पिल्लाचं कोटीपोट या कोपऱ्यात तयार झालेलं असतं ते खाणं थांबवत नाही. ज्याचं झालेलं नसतं ते पंधरा दिवस सुकतं, आणि तेवढ्यात गमावलेलं पुढे भरून काढता काढता हंगाम निघून जातो.

वजन पंधरा दिवसांनी होतं आणि वहीत लिहिलं जातं. छपराच्या आढ्याला काटा टांगलेला आणि खाली पोत्याची झोळी. ठरलेल्या दिवशी पहाटे, चारा-पाण्याआधीच. हा नियम पाळला नाही तर वहीतल्या आकड्याला अर्थ राहत नाही. शेळी-मेंढीच्या पोटातला चारा आणि पाणी मिळून वजनाचा दहावा हिस्सा सहज भरतो, कधी त्याहूनही जास्त. पस्तीस किलोचं जनावर संध्याकाळी पाणी पिऊन साडेअडतीस भरलं तर ती काही वाढ नव्हे. काटा नसेल तर टेप असतो. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात मोजायचा, त्याला त्यानेच गुणायचं, मग अंगाच्या लांबीच्या इंचांनी गुणून सहाशे साठने भागायचं. घेर तीस आणि लांबी अठ्ठावीस असेल तर वजन अडतीस किलोच्या आसपास येतं. काट्याइतकं ते नेमकं नसतं, पण एकाच हाताने आणि एकाच जागी मोजलं तर वाढीची दिशा खात्रीने कळते.

वहीतला खरा हिशेब यात्रेच्या दिवसापासून मागे मोजायचा असतो. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमाराला आटपाडीत उत्तरेश्वराची यात्रा भरते आणि तिथला शेळ्या-मेंढ्यांचा बाजार या भागात मोठा मानला जातो. तिथे बत्तीस किलोचा नर पंचेचाळीस किलोचा करून न्यायचा असेल तर तेरा किलो वाढवायचे. दिवसाला एकशेवीस ग्रॅमची वाढ धरली तर साडेतीन महिने लागतात, म्हणजे सुरुवात श्रावणात. यात्रेला चाळीस दिवस उरले असताना जागं झालेल्या माणसाला दिवसाला सव्वातीनशे ग्रॅम वाढ हवी असते. ती चाऱ्यातून येत नाही. म्हणून तो धान्याकडे वळतो, आणि संकट तिथेच सुरू होतं.

पहिलं संकट कोटीपोटातल्या आम्लाचं. ज्वारी, मका, लग्नातला उरलेला भात, पुरण, चपात्या, यातलं काहीही अचानक आणि भरपूर पोटात गेलं की लॅक्टिक आम्ल तयार होतं, सूक्ष्मजीव मरतात, पोट तट्ट होतं आणि जनावर दात खात कोपऱ्यात उभं राहतं. दुसरं आंत्रविषार. आतड्यात एरवी थोड्या संख्येने असणारे जिवाणू पिष्टमय खाण्यावर भराभर वाढतात आणि विष सोडतात. याची पहिली शिकार कळपातलं सर्वांत तगडं, सर्वांत खादाड पिल्लू असतं. रात्री धडधाकट आणि सकाळी मेलेलं. पावसाळ्याआधी लस आणि नंतर बूस्टर हाच त्यावर इलाज.

तिसरं मुतखडा. शेजारच्या एका गावात तो मी पाहिलाय. खच्ची केलेला सुंदर काळा बोकड, ईदला थोडेच दिवस उरलेले. मालकाने वजनासाठी भुसा आणि पेंड वाढवली होती आणि वैरण जवळजवळ बंद केली होती. बोकड पाठीची कमान करून, शेपटी हलवत ताण द्यायचा. थेंब थेंब पडायचा, त्यातही रक्त. गव्हाच्या भुशात आणि धान्यात फॉस्फरस भरपूर असतो आणि कॅल्शियम अगदी कमी. कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट असायला हवं. हे गणित उलटलं आणि पाणीही कमी पडलं की खडे धरतात, आणि नराची मूत्रनळी लांब, वळणाची नि अरुंद असल्याने ते तिथेच अडकतात. डॉक्टर आले तेव्हा मूत्राशय फुटलं होतं. खाऱ्या विटेचा एक तुकडा, स्वच्छ पाण्याची बादली आणि डॉक्टरांना विचारून खुराकात थोडा नवसागर, एवढ्यावर हे कदाचित टळलं असतं. वर्षभर हाताने चारलेलं जनावर असं तडफडून जाताना पाहिलं, की वजनाची घाई हे शब्दसुद्धा मला सोसत नाहीत.

एवढं करून येणारं वजनही सगळं कामाचं नसतं. शेवटच्या बरगडीमागे, कमरेवर अंगठा आणि बोटं ठेवून आक्का मणक्याची टोकं चाचपतात. टोकं बोचली तर जनावर खंगलंय. दाबल्यावर गोलसर लागली तर बरोबर. लागलीच नाहीत तर चरबी चढलीय. मेंढी चरबी पाठीवर दाखवते. शेळी ती आधी पोटात, मूत्रपिंडाभोवती साठवते, त्यामुळे बोकड बाहेरून सडसडीत दिसतो आणि आपण आणखी खुराक ओततो. तो खर्च आतड्याभोवती जाऊन बसतो. पैदाशीच्या नराला तर चरबी शापच. त्याचे पाय जड होतात, उन्हात धाप लागते, माद्यांकडे लक्ष लागत नाही. चरबी चढलेली मादीही लवकर गाभण राहत नाही. म्हणून इथला मेंढा रोज संध्याकाळी माळावर चालवला जातो. चढ चढताना मांडी भरते, आणि ती मांडी पंचाच्या हाताला कळते.

यात्रेला निघताना गाडीत घरचं भुसकट आणि घरचा खुराक चढतो. प्रवासात दोन-तीन किलो उतरतातच, पण त्यातलं बरंचसं पोटातलं चारा-पाणी असतं. मुक्कामी स्वस्थ बसून ओळखीची वैरण खाल्ली की भरून येतं. काही जण उलट करतात. मीठ चारून तहान लावतात आणि मैदानाबाहेर भरपेट पाणी पाजून पोट फुगवतात. त्या जनावराला दिवसभर धाप असते, आणि विकत घेणाऱ्याच्या दारी त्याचं वजन दुसऱ्याच दिवशी खाली येतं.

ही घाई आणि ही फसवणूक थांबवायला फार काही लागणार नाही. प्रदर्शनात जनावराबरोबर वजनाची वही मागावी. जन्माची तारीख, दर पंधरवड्याचं वजन, खुराकात काय घातलं आणि कोणती लस दिली. गुण देताना त्या दिवशीच्या आकाराबरोबर ही चढती रेघही बघावी. सलग, सावकाश चढत गेलेल्या रेघेला गुण जास्त मिळाले, तर दिवाळीच्या तोंडावर धान्य ओतणारे आपोआप मागे पडतील, आणि हीच वही खांडातल्या साध्या मेंढ्यांनाही लागू होईल, कारण प्रदर्शनाच्या एका मेंढ्यावर घर चालत नाही. आणखी एक व्हावं. नारळ आणि फेटा घ्यायला मंचावर पुरुष जातात. ज्या हाताने वर्षभर गव्हाण वाचली आणि वेळेवर मूठ आखडली, तो हात बऱ्याचदा घरच्या बाईचा असतो. बक्षीस घ्यायला तिला बोलवावं, आणि मंचावरून तिला विचारावं, की खुराक कधी थांबवला. मैदानात जमलेल्या प्रत्येक मेंढपाळाला त्या उत्तराची गरज आहे.