हरवलेले मूल आणि आपले तर्क

निर्मळच्या जत्रेत मूल चुकणे ही आमच्या वाचकांस नवी गोष्ट नव्हे. कार्तिक महिन्यात तळ्याकाठी जी गर्दी लोटते, तीत सुकेळ्यांच्या दुकानापाशी क्षणभर आईचा हात सुटतो, आणि मागे वळून पाहावे तो मूल नाहीसे झालेले असते. मग ध्वनिक्षेपकावरून पुकारा होतो. मुलाचे नाव, वय, अंगावरील कपडे आणि ते शेवटी कोठे दिसले, एवढेच त्यात असते. बहुधा थोड्याच वेळात कोणी तरी त्या रडवेल्या बालकास कडेवर घेऊन येतो. ह्या पुकाऱ्यातील एक गोष्ट आमच्या मनात फार दिवस घोळत आहे. पुकारणारा गृहस्थ आपल्यास ठाऊक आहे तेवढेच सांगतो. “हे मूल अमक्याने नेले असावे” असे तो कधी पुकारीत नाही.

हे आमच्या ध्यानात येण्यास आमच्याच हातून घडलेला एक प्रमाद कारण झाला. काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयाच्या एका घरातील नववीत शिकणारा मुलगा सायंकाळी शिकवणीस म्हणून निघाला, तो रात्री घरी आला नाही. तो कोण आणि कोणत्या आळीतला, हे आम्ही येथे सांगणार नाही; त्याचे कारण पुढे येईलच. दुसऱ्या दिवशी सकाळी गावात ज्याच्या त्याच्या भ्रमणध्वनीवर त्याचे छायाचित्र फिरू लागले, आणि त्याच्या मागोमाग तर्कही. कोणी म्हणे, मूत्रपिंडे काढून विकणाऱ्या टोळीने त्यास उचलले. कोणी म्हणे, मुलगा व्यसनी होता. एकाने तर त्यास नालासोपारा स्थानकावर एका मुलीबरोबर पाहिल्याचे छातीठोकपणे लिहिले. त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना आम्हीही सहज बोलून गेलो की, “तो अलीकडे अमक्याबरोबर फार हिंडत असे, त्यास विचारून पाहावे.” वाक्य एवढेच होते. सायंकाळपर्यंत त्याचे रूप “अमक्यानेच त्यास पळविले, असे खुद्द मास्तर म्हणाले,” असे झाले, आणि रात्री त्या दुसऱ्या मुलाच्या दारापुढे पंचवीस-तीस माणसे जमली. शेजारच्या दोन वृद्ध गृहस्थांनी दार अडवून धरले, म्हणून पुढील अनर्थ टळला.

तिसऱ्या दिवशी हरवलेला मुलगा सापडला. चाचणी परीक्षेतील गुण घरी दाखविण्याचे धैर्य न झाल्यामुळे तो गाडीत बसून डहाणूकडे आपल्या मामाच्या गावी गेला होता. मामा घरी नव्हते, म्हणून एक रात्र त्याने फलाटावरच काढली. गावातल्या एवढ्या तर्कांत हा एक तर्क कोणासही सुचला नव्हता! तो घरी आला; मात्र ज्याच्या दारापुढे माणसे जमली होती, तो मुलगा त्या वर्षअखेर दुसऱ्या शाळेत गेला. आम्ही त्याच्या वडिलांची क्षमा मागितली. त्यांनी चहा दिला, पण त्या विषयावर ते एक अक्षरही बोलले नाहीत.

असे का घडते, ह्याचा थोडा विचार करू. आपल्याकडील न्यायशास्त्रात ज्ञानाची जी साधने सांगितली आहेत, त्यांत प्रत्यक्ष निराळे आणि अनुमान निराळे मानिले आहे. डोळ्यांनी पाहिले ते प्रत्यक्ष. धूर पाहून अग्नी आहे असे ठरविले ते अनुमान. अनुमान करणे हा दोष नव्हे, तपास करणारा अधिकारीही तेच करितो. फरक इतकाच की, तो आपले अनुमान पुराव्यावर घासून पाहतो आणि टिकले नाही तर टाकून देतो. आपण मात्र ते शेजाऱ्यास देतो. शेजाऱ्याच्या तोंडी गेल्यावर त्यातील “असावे” गळून पडते आणि “आहे” शिल्लक राहते. पुढे तीच गोष्ट चार ठिकाणांहून आपल्याच कानी परत येते, तेव्हा आपणांस वाटते की चार साक्षीदार मिळाले. वास्तविक साक्षीदार एकच असतो, आणि कित्येकदा तो आपणच असतो.

वेगाचा हिशेब तर आमचे विद्यार्थीही करू शकतील. एकाने पाच जणांस कळविले, त्या प्रत्येकाने आणखी पाच जणांस, असे चालले तर सहाव्या पायरीस 15,625 माणसांस नवी खबर पोहोचते. पूर्वी गावगप्पा विहिरीवरून निघून बाजारापर्यंत पोहोचावयास दिवस लागे, आणि वाटेत एखादा शहाणा भेटून तिला थोपवीतही असे. हातातील यंत्राने ती वाट आणि तो शहाणा दोन्ही नाहीसे केले. जुलै 2018 मध्ये व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडण्यास बंदी घातली. ही बंदी ज्या घटनांनंतर आली, त्यांतील एक आपल्या महाराष्ट्रातील होती.

ती समजण्यास आधी कराचीला जावे लागेल. तेथील एका संस्थेने 2016 मध्ये मुलांच्या सुरक्षिततेविषयी लोकांस जागे करण्याकरिता एक छोटा चित्रपट केला. रस्त्यावर मुले खेळत आहेत, फटफटीवरून दोघे येतात आणि एका मुलास उचलून नेतात. लगेच ते परत येऊन मुलास सोडतात आणि एक फलक दाखवितात. मूल पळविण्यास किती थोडा वेळ लागतो, हे त्यावर लिहिलेले असते. हेतू चांगला होता. परंतु कोणी तरी शेवटचा फलकाचा भाग कापून टाकिला, आणि उरलेला तुकडा “आपल्या भागात मुले पळविणारी टोळी आली आहे” अशा मजकुरासह भारतभर फिरू लागला. 2018 च्या उन्हाळ्यात तो खेडोपाडी पोहोचला होता.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. 1 जुलै 2018 हा तेथील आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी ह्या भटक्या जमातीचे पाच पुरुष त्या दिवशी तेथे भिक्षेसाठी आले. हे लोक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे. भिक्षा मागत गावोगाव हिंडणे ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची चाल. मुले पळविणारे हेच, असा संशय बाजारात पसरला. त्यांस ग्रामपंचायतीच्या खोलीत नेले, आणि तेथे जमावाने त्यांस ठार मारिले. पाचही जण गेले. पुढे 2024 मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांस जन्मठेपेची शिक्षा दिली. म्हणजे एका कापलेल्या चित्रपटापायी आणि बाजारातील कुजबुजीपायी मंगळवेढ्याकडील घरे उघडी पडली आणि राईनपाड्याकडीलही. त्याच रात्री मालेगावात एका कुटुंबावर अशाच संशयाने जमाव चालून गेला होता. त्या कुटुंबाबरोबर दोन वर्षांचे मूल होते, ते त्यांचेच. पण “हे मूल पळविलेले आहे” असे लोकांनी ठरविले. पोलिसांनी त्यांस वेळीच सोडविले, म्हणून ते वाचले.

हे दूरचे म्हणून कोणी सुस्कारा टाकू नये. 16 एप्रिल 2020 च्या रात्री आपल्याच पालघर जिल्ह्यात, गडचिंचले येथे, दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशा तिघांचा जमावाने जीव घेतला. टाळेबंदीचे दिवस होते. चोर आणि मुले पळविणारे रात्री हिंडतात अशी अफवा त्या भागात कित्येक दिवस होती. ते तिघे एका अंत्यविधीसाठी सुरतेकडे निघाले होते. पोलीस तेथे होते, तरीही त्यांस वाचविता आले नाही.

शिकलेल्या लोकांच्या देशात असे होत नसेल, असे ज्यांस वाटते त्यांच्यासाठी अमेरिकेतील एक हकीकत सांगतो. मार्च 2013 मध्ये भारतीय वंशाचा एक 22 वर्षांचा विद्यार्थी प्रॉव्हिडन्स शहरातून बेपत्ता झाला. त्याच्या शोधासाठी घरच्यांनी इंटरनेटवर एक पान उघडले आणि त्यावर त्याची छायाचित्रे ठेविली. 15 एप्रिल रोजी बॉस्टन येथील धावण्याच्या शर्यतीत बॉम्बस्फोट झाले, आणि तीन दिवसांनी पोलिसांनी संशयितांची अस्पष्ट छायाचित्रे प्रसिद्ध केली. घरी बसून शोध लावणाऱ्या हजारो हौशी मंडळींनी ती ह्या मुलाच्या छायाचित्रांशी जुळवून पाहिली आणि “हाच तो” असे जाहीर केले. एका रात्रीत त्या पानावर शिव्याशापांचा एवढा वर्षाव झाला की, मुलगा शोधणाऱ्या कुटुंबास आपले पानच बंद करावे लागले. सकाळपर्यंत खरे संशयित कोण हे पोलिसांनी सांगितले. ते दुसरेच दोघे भाऊ होते. 23 एप्रिलला त्या विद्यार्थ्याचा देह नदीत मिळाला. स्फोट होण्यापूर्वीच तो मरण पावलेला होता. आईबापांनी मदतीसाठी जी छायाचित्रे दिली, तीच त्यांच्या मुलाविरुद्ध वापरली गेली, ह्याहून क्रूर गोष्ट आम्हांस तरी ठाऊक नाही.

अलीकडे, जून 2024 मध्ये, इंग्लंडमधील एक 19 वर्षांचा मुलगा स्पेनच्या टेनेरिफ बेटावर नाहीसा झाला. महिन्याने त्याचा देह एका दरीत सापडला, आणि 2025 मधील चौकशीत मृत्यू अपघाती ठरला. मधल्या महिन्यात अनोळखी लोकांनी त्याच्या मित्रांवर नाना आरोप केले. तेवढे पुरे.

आता पालकांस उपयोगी असे थोडे. मूल हरवल्यावर चोवीस तास वाट पाहावी लागते, असा एक समज आहे; तो चुकीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 10 मे 2013 रोजी बचपन बचाओ आंदोलन ह्या संस्थेच्या याचिकेत स्पष्ट सांगितले की, अठरा वर्षांखालील मूल हरवल्याची तक्रार आली की पोलिसांनी गुन्हा नोंदवावा आणि अन्यथा दिसून येईपर्यंत ते अपहरण समजूनच तपास करावा. तेव्हा ताबडतोब पोलीस ठाण्यात जावे, किंवा 112 अथवा मुलांसाठीच्या 1098 ह्या क्रमांकावर कळवावे. जवळ अलीकडचे छायाचित्र असावे. कपडे, अंगावरील खूण, शेवटी कोणी, कोठे, किती वाजता पाहिले, हे कागदावर लिहून न्यावे. घाबऱ्या माणसास तोंडी सांगताना वेळा आठवत नाहीत. काही पाहिले असल्यास शेजाऱ्यानेही ते पोलिसांस सांगावे, आणि पाहिले तेवढेच सांगावे. आमचे ते चहाच्या वेळचे वाक्य आम्ही पोलिसांस सांगितले असते, तर त्यांनी त्या मुलाशी दोन शब्द बोलून विषय संपविला असता.

पोलिसांनी शोधासाठी प्रसिद्ध केलेले पत्रक पुढे पाठविण्यास हरकत नाही. आपल्या पदरचे मात्र त्यात काही घालू नये. मूल सापडले की ते छायाचित्र आपल्या यंत्रातून काढून टाकावे. बालन्याय अधिनियम, 2015, ह्याच्या 74 व्या कलमाने गुन्ह्यास बळी पडलेल्या किंवा काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे. त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. शाळेचे नावही त्यात आले, हे आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानी घ्यावे. कायदा बाजूस ठेविला, तरी परत आलेल्या मुलास ह्याच गावात वाढावयाचे असते.

मग ह्या नव्या साधनांचा काहीच उपयोग नाही काय? आहे. मुंबईत अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यात राजेंद्र भोसले नावाचे साहाय्यक उपनिरीक्षक होते. 2008 ते 2015 ह्या काळात त्या ठाण्याकडे 166 मुली हरविल्याची नोंद झाली. त्यांतील 165 मुली भोसले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढिल्या. एक मात्र राहिली. ती जानेवारी 2013 मध्ये शाळेच्या वाटेवरून नाहीशी झाली, तेव्हा सात वर्षांची होती. भोसले 2015 मध्ये निवृत्त झाले, तरी तिचा शोध त्यांनी सोडिला नाही.

त्या मुलीस एका दांपत्याने नेले होते. मधली काही वर्षे तिला परगावी ठेवून ते पुन्हा अंधेरीकडे आले, आणि शेवटी ती आपल्या आईच्या घरापासून एक किलोमीटरच्याही आत राहत होती. मारहाण आणि कष्ट सोसत ती सोळा वर्षांची झाली. जेथे ती मूल सांभाळण्याचे काम करी, तेथील एका मोलकरणीस तिने आपली कथा सांगितली. त्या बाईने ऐकून घेतले, कोठेही बोभाटा केला नाही, आणि तिच्याबरोबर इंटरनेटवर जुना मजकूर शोधिला. तेथे 2013 सालचे शोधपत्रक निघाले. त्यावर तिचे छायाचित्र आणि पाच दूरध्वनी क्रमांक होते. चार क्रमांक बंद पडलेले होते. पाचवा एका शेजाऱ्याचा होता. तो लागला, आणि ऑगस्ट 2022 मध्ये मुलगी आईजवळ पोहोचली.