ट्रायकोग्रामा : ओळख आणि वर्गीकरण

गोंदिया जिल्ह्याचे मुख्य पीक धान होय, आणि त्या धानाचा जुना शत्रू खोडकिडा होय. पिवळ्या खोडकिड्याची मादी पानावर अंड्यांचा पुंजका घालून तो केसाळ आवरणाने झाकते. अंड्यातून निघालेली अळी बुंध्यात शिरली म्हणजे प्रथम गाभेमर व पुढे पांढऱ्या लोंब्या दिसू लागतात. आत शिरलेल्या अळीस गाठणे दुरापास्त असल्यामुळे अंड्यातच तिचा नाश करणाऱ्या ट्रायकोग्रामा या परोपजीवी कीटकाचे महत्त्व मोठे आहे. मधमाशी व गांधीलमाशी यांच्या गणातील हा कीटक सुमारे अर्धा मिलिमीटर लांबीचा असतो. त्याची मादी यजमानाच्या अंड्यात आपले अंडे घालते, आणि अळीऐवजी त्या अंड्यातून नवा परोपजीवीच बाहेर पडतो.

या प्रजातीचे नाव वेस्टवुड याने १८३३ मध्ये योजिले. ग्रीक भाषेत ‘थ्रिक्स’ म्हणजे केस व ‘ग्रामा’ म्हणजे रेषा किंवा अक्षर. पंखांवरील केसांच्या ओळींवरून हे नाव पडले. प्रजाती ओळखणे त्यामुळे फारसे अवघड नाही. अवघड आहे ते तिच्यातील दोनशेहून अधिक जातींना परस्परांपासून वेगळे करणे.

येथे भाषाभ्यासकास परिचित असा एक प्रश्न उभा राहतो : कोणता भेद अर्थभेदक मानावा? ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, हे दोन शब्द लेखनात एकच दिसतात. उच्चारातील ‘ज’मात्र त्यांना वेगळे करतो. उलट, एकच शब्द भिन्न वक्त्यांच्या तोंडी भिन्न ऐकू आला, तरी त्यामुळे त्याचे दोन शब्द होत नाहीत. पूर्वीचे अभ्यासक या कीटकांच्या जाती रंग व आकारमान यांवरून ठरवीत. परंतु रंग तापमानानुसार पालटतो आणि आकारमान यजमानाच्या अंड्यावर अवलंबून राहते. सेम्ब्लिडिस या जातीचे नर तर पतंगाच्या अंड्यातून निघाल्यास सपंख आणि सायलिस या कीटकाच्या अंड्यातून निघाल्यास पंखहीन असतात. अशी लक्षणे परिस्थितिजन्य होत. त्यांवर वर्गीकरण उभारता येत नाही.

या कोंडीतून वाट काढणारे महत्त्वाचे कार्य भारतात झाले. सुधा नागरकट्टी व एच. नागराजा यांनी १९७१ मध्ये नराच्या जननेंद्रियाची रचना हेच निर्णायक लक्षण असल्याचे दाखविले. त्याच्या जोडीला त्यांनी संकराचे प्रयोगही केले. नावांचा गोंधळ किती होता, हे एका उदाहरणावरून ध्यानी येईल. भारतीय ग्रंथांत ‘ऑस्ट्रॅलिकम’ म्हणून उल्लेखिलेल्या जातीस १९७६ मध्ये ‘कन्फ्युझम’ हे नाव मिळाले, आणि १९७९ मध्ये ती इशी याने १९४१ मध्ये वर्णिलेली ‘किलोनिस’च असल्याचे ठरले. जुने संशोधन वाचणाऱ्यास ही तिन्ही नावे ठाऊक असली पाहिजेत.

तथापि या लक्षणासही मर्यादा आहे. काही समूहांत वोल्बाकिया या जीवाणूमुळे केवळ माद्याच निपजतात. १९९० मध्ये असे आढळले की, प्रतिजैविक दिल्यास अशा समूहांत पुन्हा नर उत्पन्न होतात. नर नसतील तेथे आता जनुकद्रव्याच्या विशिष्ट खंडाची तुलना करून जात ठरविली जाते.

हा विवेक केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. धानात खोडकिड्यासाठी ‘जापोनिकम’ व पाने गुंडाळणाऱ्या अळीसाठी ‘किलोनिस’ अशी शिफारस आहे. दोहोंची ट्रायकोकार्डे सारखीच दिसतात, आणि कार्डावरील नाव पडताळून पाहण्याचे साधन शेतकऱ्यापाशी नसते. संवर्धनात जातींची सरमिसळ झाली, तर बांधीत लावलेले कार्ड निष्फळ ठरेल; दोष मात्र पद्धतीस लागेल आणि शेतकरी पुन्हा फवारणीकडे वळेल. म्हणून या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने जातीच्या नावासोबत ती कोणत्या लक्षणावरून ठरविली हे नमूद करावे, आणि पडताळणीसाठी नर नमुने जतन करून ठेवावेत.