पाण्याचा ताळेबंद मांडणारे गाव

दुकानदार माल भरण्याआधी गल्ला पाहतो. शिल्लक किती, देणे किती, हे पाहिल्याशिवाय सौदा करीत नाही. देशाचा कारभार चालविणाऱ्यांचे गणित मात्र निराळे. तेथे उत्पादन दरवर्षी वाढलेच पाहिजे. वाढ जरा मंदावली की हाहाकार उडतो. पण ज्या जमिनीतून आणि पाण्यातून ही वाढ काढायची, त्यांची शिल्लक कोणत्या वहीत लिहितात?

या प्रश्नाला जे. सी. कुमारप्पा यांनी १९४५ साली ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ या पुस्तकात हात घातला. हे गृहस्थ पेशाने हिशेबनीस होते आणि वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम पाहत. संपणाऱ्या साठ्यावर चालणारा व्यवहार आणि निसर्गात पुन्हा भरून येणाऱ्या गोष्टींवर चालणारा व्यवहार यांत त्यांनी फरक केला. पहिल्यात आज बरकत दिसते, पण तो भांडवल खाऊन चाललेला असतो.

हा फरक रोजच्या व्यवहारात पाहायचा असेल तर हिवरे बाजारला जावे. हे गाव पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. पाऊस वर्षाला जेमतेम चारशे मिलिमीटर. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव खचले. लोक मजुरीसाठी बाहेर पडले, घरोघरी दारू शिरली. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. श्रमदानातून बंधारे झाले, डोंगरावर चर खणले गेले, विहिरींना पाणी आले.

खरी परीक्षा त्यानंतरच होती. पाणी आले की माणसाला उसाची स्वप्ने पडतात! सहकारी साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात ती पडणारच. गावाने ठरविले, ऊस व केळी लावायची नाही, शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, जमीन बाहेरच्याला विकायची नाही. आज जमिनीचे भाव पाहता हा शेवटचा नियम किती महाग आहे, हे व्यापारी वाचकांना सांगायला नको.

२००४ पासून गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस मोजतात, विहिरींची पातळी पाहतात. माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढतात, मग शेतीचा वाटा ठरतो. काही हिस्सा पुढच्या वर्षासाठी जमिनीतच ठेवतात. पाऊस कमी झाला, तर रब्बीचा पेरा कमी.

म्हणजे उत्पन्न घटले का? १९९० च्या दशकाच्या मध्यास गावात रोज सुमारे दीडशे लिटर दूध निघे. पुढे ते चार हजार लिटरच्या घरात गेले. राखलेल्या डोंगरावरचे गवत कापून नेता येते, त्यातून हे साधले. बाहेर गेलेली अनेक कुटुंबे परतली. गावात एकच मुस्लिम कुटुंब होते. गावाने त्यांच्यासाठी मशीद बांधली.

सारेच गोड आहे असे नाही. चराईबंदीचा पहिला फटका शेळ्या पाळणाऱ्या गरिबालाच बसतो. त्याला गवत आणि गाय मिळेपर्यंत कोणी तरी आधार द्यावा लागतो. शिवाय पाणी वाचवून पिकविलेल्या कांद्याचा भाव गावाच्या ग्रामसभेत ठरत नाही, तो बाजार समितीच्या लिलावातच ठरतो.