खडकाआडच्या पाण्याचा माग

वालधुनीकाठचे अंबरनाथचे शिवमंदिर काळ्या बेसाल्टमध्ये घडवलेले आहे. मंदिरातल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे साल आहे. हा पाषाण ज्या लाव्हारसातून तयार झाला, तो मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. जवळच्या बुवापाड्याची वस्ती, उल्हासनगरच्या इमारती, बदलापूरमागचे डोंगर, या सगळ्यांच्या बुडाशी हाच खडक आहे. तो इतका घट्ट की पाणी त्यातून सहजासहजी झिरपत नाही. ते वाहते भेगांमधून आणि लाव्हाच्या एका थरावर दुसरा थर बसला त्या सांध्यांमधून.

बुवापाड्याहून कल्याण, भिवंडी, अंबाडी असा रस्ता धरला की तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी लागतात. इथल्या कुंडांत सुमारे ५० अंश सेल्सिअसचे पाणी बारा महिने वर येत असते. पालघरच्या सातिवलीपासून महाडच्या सव, संगमेश्वर तालुक्यातल्या तुरळ-राजवाडी आणि पुढे राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत कोकणात अशा झऱ्यांची रांगच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या उन्हवऱ्याचे पाणी तर ७० अंशांच्या आसपास जाते. कोकणात आज जागा ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी भेगांमधून खोल उतरते, तिथल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते, असे भूशास्त्रज्ञ मानतात.

पण कोणत्या भेगेने, किती वेळात आणि वाटेत कुठले पाणी त्यात मिसळून? जमिनीवरून हे दिसत नाही. त्यासाठी पाण्यालाच खूण करावी लागते. या खुणेला ट्रेसर म्हणतात आणि तिच्या आधारे घेतलेल्या चाचणीला ट्रेसर चाचणी.

काही खुणा निसर्गाने आधीच करून ठेवलेल्या आहेत. पाण्याच्या रेणूत साध्या हायड्रोजनऐवजी कधी ड्युटेरियम असतो, साध्या ऑक्सिजनऐवजी कधी ऑक्सिजन-१८. त्यांचे प्रमाण मोजले की पाणी पावसाचे आहे की समुद्राचे, याचा अंदाज बांधता येतो. ट्रिटियम हा किरणोत्सारी हायड्रोजन पाण्याचे वय सांगायला मदत करतो. त्याचा अर्धायुकाल १२.३ वर्षे आहे, आणि १९५० व १९६०च्या दशकांतल्या अण्वस्त्र चाचण्यांमुळे जगभरच्या पावसात त्याचे प्रमाण खूप वाढले होते. झऱ्यात ट्रिटियम जवळजवळ सापडलाच नाही, तर ते पाणी त्या चाचण्यांच्या आधी जमिनीत मुरलेले असणार. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अशा समस्थानिकांच्या आधारे भूजलाचा अभ्यास अनेक वर्षे चालू आहे. तुरळ-राजवाडीच्या झऱ्यांवर झालेल्या अशा अभ्यासांतून तिथले पाणी मुळात पावसाचेच असल्याचे दिसले.

निसर्गाच्या खुणा मूळ आणि वय सांगतात. दोन ठिकाणांमधली नेमकी वाट शोधायची तर खूण आपण सोडावी लागते. या प्रयोगाचे गाजलेले उदाहरण १८७७ सालचे. जर्मनीत इमेंडिंगेनजवळ डॅन्यूब नदीचे पाणी चुनखडीच्या भेगांत गडप होई. तेच पाणी बाराएक किलोमीटरवरच्या आख झऱ्यातून निघते का, हा तंटा होता. तिथे १० किलो फ्लुओरेसीन हा रंग आणि २० टन मीठ नदीत सोडले गेले. सुमारे ६० तासांनी आखचे पाणी चकाकत्या हिरव्या रंगाचे झाले आणि तंट्याचे उत्तर सगळ्यांना डोळ्यांनी दिसले.

भूऔष्णिक वीजकेंद्रात या चाचणीला फार मोल आहे. तिथे एका विहिरीतून गरम पाणी वा वाफ वर काढतात, तिच्यावर जनित्र चालवतात आणि थंडावलेले पाणी दुसऱ्या विहिरीतून परत जमिनीत सोडतात. परत सोडले नाही तर खालचा दाब घटतो. पण ते भलत्या भेगेत शिरले, तर खडकाची उष्णता पुरेशी न घेताच उत्पादन विहिरीत पोहोचते आणि ती गार पडू लागते. जपानच्या हाच्चोबारू केंद्रात सुरुवातीच्या काळात हा त्रास झाला होता. गारवा मात्र ट्रेसरच्या मागून येतो, कारण वाटेतला तापलेला खडक पाण्याला काही काळ ऊब देत राहतो. ट्रेसर लवकर आणि भरघोस परतला, तर पुढे काय घडणार याची सूचना वेळेत मिळते आणि पाणी सोडण्याची जागा बदलता येते.

कामाची रीत सोपी, पण शिस्तीची आहे. आधी आसपासच्या सर्व विहिरींचे आणि झऱ्यांचे नमुने घेऊन मूळ नोंद करतात. मग ठरावीक वजनाचा ट्रेसर परतीच्या विहिरीत एकदम सोडतात. त्यानंतर आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्महिने, नमुने घेत राहतात. फ्लुओरेसीन उन्हात नष्ट होते, म्हणून त्याचे नमुने गडद बाटल्यांत ठेवतात. मोजलेले आकडे कागदावर मांडले की एक वक्र उभा राहतो: ट्रेसर पहिल्यांदा कधी दिसला, सर्वाधिक कधी झाला, एकूण किती परत आला.

या वक्रातून खडकातली पोकळीही मोजता येते. समजा, ताशी १०० घनमीटर पाणी आत सोडले जाते, सोडलेला निम्मा ट्रेसर एका विहिरीत परत आला आणि त्याचा सरासरी प्रवास ३० दिवसांचा, म्हणजे ७२० तासांचा ठरला. १०० गुणिले ७२० गुणिले अर्धा, म्हणजे त्या दोन विहिरींमधल्या वाहत्या भेगांत सुमारे ३६,००० घनमीटर पाणी मावते. भेग न पाहता तिचे माप मिळते, ही या पद्धतीची खरी ताकद आहे.

ट्रेसर निवडणे ही मात्र कसोटी असते. तो खडकाला चिकटू नये, उष्णतेने मोडू नये, पाण्यात आधीपासून नसावा, अत्यल्प प्रमाणातही ओळखू यावा आणि अपायकारक नसावा. फ्लुओरेसीन मध्यम तापमानाला चालते, फार तापलेल्या जलाशयात ते टिकत नाही. तिथे नॅफ्थलीन सल्फोनेट वर्गातली रसायने वापरतात; ती ३०० अंशांच्या आसपासही तग धरतात. एक किलो ट्रेसर दहा लाख घनमीटर पाण्यात मिसळला तर लिटरमागे एक मायक्रोग्रॅम उरतो, आणि आजची उपकरणे एवढेही पकडतात. न्यूझीलंडच्या वैराकेई क्षेत्रात किरणोत्सारी आयोडीन-१३१ वापरले गेले. त्याचा अर्धायुकाल आठ दिवसांचा. ८० दिवसांत ते मूळच्या हजाराव्या भागाइतकेच उरते, म्हणून वेगवान वाटांसाठी ते उपयोगी आणि संथ वाटांसाठी निरुपयोगी.

महाराष्ट्राला हे ज्ञान परके नाही. १९५६ साली ट्रॉम्बेला अप्सरा अणुभट्टी सुरू झाली आणि पुढे किरणोत्सारी ट्रेसर देशातच तयार होऊ लागले. पुण्याजवळच्या खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था धरणांच्या गळतीचा माग ट्रेसरने काढत आली आहे. म्हणजे माणसे आहेत, प्रयोगशाळा आहेत, अनुभव आहे.

आता त्यांची गरज कोकणातल्या झऱ्यांना पडणार आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये भूऔष्णिक ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. उद्या कोकणातही खोल बोअर घेण्याचे प्रस्ताव येऊ शकतात. स्वच्छ ऊर्जा हवीच. पण अकलोलीच्या कुंडात माणसे पिढ्यान्‌पिढ्या स्नान करतात, आणि एकाच भेगेतून बोअर आणि कुंड दोन्ही पाणी घेत असतील, तर एकाची ओढ दुसऱ्याला जाणवेल. घट्ट बेसाल्टात तर वाटा मोजक्या असतात, म्हणून धोकाही मोठा.

म्हणून दोन गोष्टी व्हायला हव्यात. प्रत्येक कुंडाचे तापमान, प्रवाह आणि रसायने यांची नियमित नोंद आजपासून सुरू करावी, कारण ही मूळ नोंद नंतर कितीही पैसे ओतले तरी मिळणार नाही. आणि कोकणात कुठेही गरम पाण्यासाठी खोल बोअर घेतला, तर उत्पादन सुरू होण्याआधी ट्रेसर चाचणी सक्तीची करावी, तिचे निष्कर्ष सोप्या मराठीत त्या गावच्या ग्रामसभेपुढे ठेवावेत. ग्रामसभेत बसणाऱ्यांनी एवढा प्रश्न जरूर विचारावा: आमच्या कुंडाचे पाणी कुठून येते, ते तुम्ही तपासले का?